मागितले किती, आले किती?

पेनड्राइव्ह लावला, फाइल उघडली, झालं. पण त्या क्षणभरात संगणक आणि पेनड्राइव्ह यांच्यात चोख हिशेब होऊन गेलेला असतो. यूएसबीच्या १९९९ साली ठरलेल्या ‘बल्क-ओन्ली’ पद्धतीत ड्रायव्हर आधी ३१ बाइटांचा हुकूम धाडतो, मग डेटा येतो आणि शेवटी पेनड्राइव्ह १३ बाइटांची पावती देतो. मागितल्यापैकी किती बाइट द्यायचे राहिले, हे त्या पावतीतच लिहिलेलं असतं.

काही राहिले म्हणजे बिघडलंच, असं नाही. उपकरणाकडे तेवढीच माहिती असू शकते. हाय-स्पीड यूएसबीत एरवी ५१२ बाइटांची पाकिटं येतात. त्याहून लहान पाकीट आलं की मजकूर संपला, असं समजायचं. मजकूर नेमका ५१२च्या पटीत भरला, तर काही उपकरणं शेवटी चक्क शून्य बाइटांचं रिकामं पाकीट पाठवतात.

अडचण येते ती पावतीच खोटी असली की. काही पेनड्राइव्ह डेटा पुरता देतात आणि ‘बाकी’ मात्र भलतीच लिहितात. लिनक्सने त्यावर रोखठोक तोडगा काढला आहे: अशा चक्रम उपकरणांची यादीच सोबत ठेवायची आणि त्यांनी सांगितलेल्या बाकीकडे सरळ काणाडोळा करायचा. ही यादी वाचायला मोठी मौजेची आहे, निदान ज्याचं उपकरण तिच्यात नाही त्याला!

ड्रायव्हर लिहिणारेही हिशेबात फसतात. लिनक्समध्ये प्रोग्रामच्या मेमरीत डेटा उतरवणारं ‘कॉपी-टू-यूजर’ हे फंक्शन किती बाइट उतरले ते सांगत नाही, किती राहिले ते सांगतं. प्रोग्रामला मात्र ‘रीड’कडून किती मिळाले तो आकडा हवा असतो. समजा, ४,०९६ पैकी ४,००० बाइट उतरले. ड्रायव्हरने उरलेले ९६ जसेच्या तसे पुढे ढकलले, तर प्रोग्रामला वाटतं, ९६ बाइट नीट वाचले गेले. चूक झाल्याचा संदेश नाही, काही नाही. इथे परत जायला हवा तो ४,०००चा आकडा किंवा सरळ चूक कळवणारा कोड.

प्रोग्राम लिहिणाऱ्याचीही यातून सुटका नाही. लिनक्स एका ‘रीड’मध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट देतं, अगदी ६४-बिट संगणकावरही. तीन जीबी मागितले, तर उरलेल्यासाठी पुन्हा हात पसरावाच लागतो.