सही कुणाची?

विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेस १८८१ साली सुरतेच्या न्यायालयाने फाशीची शिक्षा फर्मावली. लोकापवादाच्या भयाने तिने आपले नवजात अर्भक मारले होते. अपिलात फाशी टळून काळ्या पाण्याची शिक्षा झाली. या खटल्याचे निमित्त करून काही वर्तमानपत्रांनी समस्त स्त्रीजातीच्या नीतिमत्तेवर तोंडसुख घेतले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याने राहवले नाही. त्यांचे ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. विजयालक्ष्मी ना त्यांच्या नात्याची, ना जातीची, ना गावची. तरी तिच्यापायी एका बाईने सबंध पुरुषवर्गास जाब विचारला.

यातली एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. विधवेस पुनर्विवाहाची मुभा देणारा कायदा १८५६ सालीच झाला होता, म्हणजे या खटल्याच्या २५ वर्षे आधी. कायदा होता, घराची संमती नव्हती. बरे, दिवस गेल्यावर तिला दुसरी वाट कोणती? १८६० च्या दंडसंहितेने गर्भपात करविणारी स्त्रीही गुन्हेगार ठरविली होती. शरीर तिचे, मुखत्यारी मात्र इतरांची.

ही कोंडी फोडण्यासाठीच सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८६३ साली पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवेने यावे, गुप्तपणे बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तेथेच ठेवावे. हे शेवटचे ठरविणे तिच्याकडे होते, ते आम्हांस फार मोलाचे वाटते. अशाच एका विधवेचा, काशीबाईचा, मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला. पुढे तो डॉक्टर झाला.

वैद्यकीय गर्भपाताचा कायदा १९७१ साली आला. २०२१ च्या दुरुस्तीने ‘पती’ या शब्दाच्या जागी ‘जोडीदार’ आला आणि गर्भपात करून घेणाऱ्या स्त्रीचे नाव उघड करण्यास डॉक्टरला मनाई झाली. फुल्यांच्या घरातला तो गुप्तपणा कायद्यात यायला दीडशेवर वर्षे लागली म्हणायची! २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या मुदतीत अविवाहितेसही विवाहितेइतकाच हक्क असल्याचे सांगितले. अजूनही निर्णयावर डॉक्टरांच्या मताचे शिक्कामोर्तब लागतेच. परंतु संमतीपुरते पाहिले तर सज्ञान स्त्रीच्या बाबतीत कायदा एकच सही मागतो, ती तिची.

आणि तरीही कित्येक दवाखान्यांत तिला “नवऱ्याला घेऊन या” असे सांगून परत पाठवितात. ती परतते आणि आठवडे तर मोजलेलेच असतात.

बाई बाईच्या पाठीशी आपोआप उभी राहते, असा आमचा भाबडा समज नाही. सासूही बाईच असते. दुसऱ्या खेपेस मुलगी नको म्हणून सुनेस तपासणीला नेणारी सासू आणि सुनेच्या मनाप्रमाणे तिला सोबत करणारी सासू, दोघीही दवाखान्याच्या त्याच बाकावर बसतात. गर्भलिंगतपासणीस १९९४ च्या कायद्याने बंदी आहे, हे पहिलीला ठाऊक असते. एकच सही पुरते, हे दुसरीला पुष्कळदा ठाऊक नसते. ते ठाऊक असलेली कुणी शेजारीण किंवा मैत्रीण बरोबर गेली, तर खिडकीशी तेवढे एक वाक्य बोलता येते.