खडकाच्या पोकळीतील झिओलाइट

धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा परिसरातील काळा बसाल्ट हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनमध्ये पसरलेल्या लाव्ह्याचा असून, तो थंड होत असताना त्यात अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांनी अनेक थरांत पोकळ्या मागे ठेवल्या. दख्खनच्या अशा पोकळ्यांत पुढे उष्ण, क्षारयुक्त पाणी झिरपले आणि त्यातून जे स्फटिक वाढले, त्यांतील महत्त्वाचा गट म्हणजे झिओलाइट. स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट ही त्याची येथील ठळक रूपे होत. जळगावचा प्रसिद्ध हिरवा अ‍ॅपोफिलाइट त्यांच्याच शेजारी सापडतो, परंतु विक्रेते काहीही सांगोत, तो झिओलाइट नव्हे.

सिलिकॉन, ॲल्युमिनियम व ऑक्सिजन यांच्या जाळीदार सांगाड्यात अतिसूक्ष्म बोगदे असणे, हे या गटाचे वैशिष्ट्य होय. त्या बोगद्यांत पाणी आणि सोडियम, कॅल्शियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, सैलपणे राहतात. त्यामुळे तापवल्यावर पाणी निघून गेले तरी सांगाडा सहसा मोडत नाही. पाणी असे बाहेर पडताना खनिजाला फेस येतो; तो स्वीडनचे खनिजशास्त्रज्ञ क्रोनस्टेड यांनी १७५६ मध्ये नोंदवला होता. आयनांची अदलाबदल होत असल्याने जड पाण्यातील कॅल्शियम झिओलाइट धरून ठेवतो व बदल्यात सोडियम सोडतो, म्हणून तो कपडे धुण्याच्या पावडरीत घालतात. खनिज तेलाचे मोठे रेणू तोडून पेट्रोल मिळवताना मात्र त्याचे काम उत्प्रेरकाचे, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रिया वेगवान करणाऱ्या पदार्थाचे असते.

हवेतून प्राणवायू वेगळा करण्याच्या प्रकल्पांत दाबाखालील हवा झिओलाइटच्या गोळ्यांवरून नेली जाते. या गोळ्या नायट्रोजनला पृष्ठभागावर धरतात, यालाच अधिशोषण म्हणतात, आणि दाब कमी होताच तो सोडून देतात. दोन टाक्या आलटूनपालटून चालवल्या की सुमारे ९३ टक्के शुद्ध प्राणवायू मिळत राहतो. दोंडाईच्याच्या शेजारच्या नंदुरबार जिल्ह्याने वेळेत उभारलेले प्राणवायू प्रकल्प २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेत देशभर चर्चेत आले होते.

तथापि, या गोळ्यांतील झिओलाइट कारखान्यात बनवलेला असतो, कारण बोगद्यांचा आकार एकसारखा हवा असतो. नैसर्गिक झिओलाइटचे मोठे उत्खननही मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेच्या रूपांतरित थरांतून होते, बसाल्टच्या पोकळ्यांतून नव्हे. बसाल्टच्या दगडखाणीत सापडलेला अखंड स्फटिक-गुच्छ म्हणूनच कारखान्यापेक्षा संग्रहालयात अधिक मोलाचा असतो. तो खडीबरोबर भरडला जाणे हे निव्वळ नुकसान आहे.