त्यागाचा खर्च कोण उचलतो?

राखेच्या बुधवारी कपाळावर राखेचा क्रूस उमटला की कॅथलिक घरांत यंदा काय सोडायचे याची बोलणी सुरू होतात. कोणी मटण सोडतो, कोणी दारू, कोणी चहातली साखर. हल्लीची मुले रील बघणे सोडतात, निदान सोडल्याचे सांगतात. चर्चचा नियम त्या मानाने मवाळ आहे. १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाने राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे या दोनच दिवशी उपास करायचा, तोही एक वेळ पोटभर आणि दोन वेळा थोडे खाऊन. निर्जळी एकादशी करणाऱ्या आजीला हा उपास म्हणून सांगितला तर ती हसेल. पण राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या या उपवासकाळाच्या मुळाशी असलेली मागणी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. माझ्या मागे यायचे असेल तर आधी स्वतःवर पाणी सोडा आणि आपापला क्रूस उचला, असे येशूने सांगितल्याचे मत्तय, मार्क आणि लूक तिघेही नोंदवतात. लूक तर हे रोजचे काम म्हणून सांगतो.

ऐकणाऱ्यांना क्रूस ठाऊक होता. रोमन सत्ता गुलामांना आणि बंडखोरांना लोकांच्या डोळ्यांदेखत त्यावर टांगून मारायची, आणि तिथवर आडवे लाकूड वाहायलाही त्यांनाच लावायची. असे मरण एकदाच येते. मग ते रोज कसे मरायचे? रोमन छळाच्या काळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांवर हा विचार करायची वेळच आली नाही. पुढे ज्यांच्यावर आली, त्यांतले काही वाळवंटात गेले, काही मठांत. मार्टिन लूथर स्वतः मठातून बाहेर पडलेला. १५२२ साली विवाहावर लिहिताना त्याने तान्ह्याचे लंगोट धुणाऱ्या बापाचे उदाहरण घेतले. शेजारी त्याला बायल्या म्हणून हसतील, पण तो हे श्रद्धेने करत असेल तर देव आणि देवदूत आनंदाने हसतील, असा त्याचा आशय. कॅथलिकांकडे हीच दिशा फ्रान्समधल्या लिझ्यू गावच्या कार्मेलाईट मठात तेरेजा नावाच्या धर्मभगिनीने धरली. १८९७ साली चोविसाव्या वर्षी क्षयाने गेलेल्या या मुलीच्या आठवणींत चमत्कार जवळजवळ नाहीत. प्रार्थनेच्या वेळी सतत काहीतरी खुडबुड करणारी शेजारीण आहे, कपडे धुताना तोंडावर घाणेरडे पाणी उडवणारी दुसरी आहे, आणि त्या दोघींवर न चिडण्याची कसरत आहे.

मराठीत मात्र या विषयावरचे सगळ्यात उपयोगी पुस्तक माझ्या मते कोणा पाळकाचे किंवा फादरचे नाही. ते लक्ष्मीबाई टिळकांचे आत्मचरित्र, 'स्मृतिचित्रे' आहे.

लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांना आगगाडीच्या प्रवासात एका सहप्रवाशाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनाने ते झपाटले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देण्याचा त्यांचा स्वभाव मात्र बाप्तिस्म्यातून आलेला नव्हता. ते आधीपासूनच तसे होते: न सांगता घराबाहेर पडायचे, हाती आलेला पैसा वाटून टाकायचे, पाहुण्यांना थेट पानावर आणून बसवायचे. ख्रिस्ती झाल्यावर या स्वभावाला शास्त्राधार मिळाला एवढेच. पुढे दुष्काळात पोरकी झालेली मुलेही घरात आली. टिळक दयाळू होते याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. पण पैसा वाटेतच संपला की संध्याकाळचे पीठ कुठून आणायचे, हा प्रश्न टिळकांचा नव्हता. तो लक्ष्मीबाईंचा होता. त्यांनी तो कुरकुर न करता सोडवला असे कोणी म्हणेल तर त्याने पुस्तक वाचलेले नाही. त्यांनी कुरकुर केली, भांडणे केली, आणि नंतर ते सगळे इतक्या मजेने लिहिले की वाचणारा टिळकांवर प्रेमही करतो आणि त्यांच्याशी संसार आपल्या वाट्याला आला नाही म्हणून सुटकेचा श्वासही टाकतो.

याच टिळकांनी मला खरा वाटणारा आत्मत्याग केला तो वेगळ्या ठिकाणी. बाप्तिस्म्यानंतरची काही वर्षे लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन नातलगांच्या आधाराने राहिल्या. नवरा जिवंत असून नसल्यासारखा, अशी ती स्थिती. नंतर त्या टिळकांकडे नगरला आल्या त्या स्वतःचे सोवळे आणि स्वतःची चूल घेऊन. दुसऱ्यांना ख्रिस्ती व्हा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या घरात बायकोचा स्वयंपाक वेगळा! टिळकांनी तो वेगळा राहू दिला, सक्ती केली नाही. जात देवाने निर्माण केली नाही, हे लक्ष्मीबाईंना स्वतः विचार करून पटले तेव्हाच त्यांनी सोवळे सोडले, आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पैसे वाटताना टिळकांनी जे दिले त्यातले अर्धे बायकोचे होते. इथे त्यांनी जे सोडले ते सर्वस्वी त्यांचे स्वतःचे होते: नवरेपणाचा हक्क आणि प्रचारकाची घाई.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' उभारायला घेतला. ख्रिस्ताला भारतीय वेषात, संन्याशाच्या वाटेने गाठण्याची ही धडपड मोठीच होती आणि तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मे १९१९ मध्ये ते गेले. पगार सोडण्याचा हा निर्णय घरखर्चाच्या वहीत कसा उतरला असेल, याचा विचार त्यांच्या चरित्रकारांपेक्षा 'स्मृतिचित्रे'च्या वाचकाच्या मनात आधी येतो.

एकाच्या त्यागाचा भार घरच्यांवर पडतो, ही तक्रार फक्त आजच्या वाचकाची नाही. शुभवर्तमानातच ती आहे. एखादी वस्तू 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असे जाहीर करून म्हाताऱ्या आईबापांना ती नाकारणाऱ्यांना येशूने चांगलेच फटकारले, असे मार्कच्या सातव्या अध्यायात आहे. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला विश्वास नसलेल्याहून वाईट ठरवले आहे. आणि पौलाने करिंथकरांना लिहिले त्याचा सारांश असा, की सगळी मालमत्ता वाटली आणि देहही दिला, पण प्रीती नसली तर हिशेब शून्य. म्हणजे प्रीती मोजायची ती सोडलेल्या वस्तूच्या किमतीवरून नव्हे. सोडल्याने कोणाचे भले झाले आणि भार कोणावर पडला, यावरून.

भाराची गोष्ट महत्त्वाची, कारण त्यागाचा उपदेश नेहमी उताराच्या दिशेने वाहतो. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले तेव्हा त्यांच्यासमोर होत्या त्या लादलेल्या त्यागाखाली दबलेल्या हिंदू विधवा: केशवपन, एकवेळचे जेवण, शुभकार्याला मज्जाव. पण ख्रिस्ती घरांनी यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला 'हाच तुझा क्रूस, बाई' असे सांगणारे आपल्याकडेही आहेत, आणि ते वचनाचा सरळसरळ गैरवापर करतात. फिलिप्पैकरांस पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त केले असे म्हटले आहे ते कोणाबद्दल? ज्याच्याकडे देवाच्या बरोबरीचा मान होता त्याच्याबद्दल. शेवटच्या भोजनाच्या वेळी पाय धुतले ते गुरूने, शिष्यांचे. ज्याच्या हाती काही आहे त्याने ते खाली ठेवायचे. ज्याच्याकडून आधीच काढून घेतले आहे, त्याला आणखी सोडायला सांगणे ही शिष्यत्वाची शिकवण नव्हे.

म्हणून उपवासकाळात पुरुषांनी मटण सोडावे की नाही, यात मला फारसा रस नाही. बहुतेक घरांत ते सोडले तरी दुसरे काय रांधायचे याचा विचार करायचा तो बाईनेच. त्यापेक्षा दुसरीकडे बघावे. अंथरुणाला खिळलेली सासू, तिचे डायपर, रात्रीची दोनची गोळी, आणि हे सारे एकटीने ओढणारी सून असे घर जवळपास प्रत्येक मंडळीत असते. ती रविवारी उपासनेला दिसत नाही, आणि मंडळी तिच्यासाठी प्रार्थना करते. त्या घरच्या मुलाने आईचे डायपर बदलायला शिकावे; ते अर्ध्या तासात येते. आणि पुरुषांच्या मंडळाने आळीपाळीने रविवारी सकाळी दोन तास त्या म्हातारीपाशी बसायचे ठरवावे, स्वतःची उपासना बुडवून.