देव युद्धाला का कचरतात?

अंगोलिआंटची कथा आज सांगायची होती, पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण मेल्कोरच्या उटुम्नो या किल्ल्याच्या पाडावाबद्दल वाचून एका वाचकाने विचारलेला प्रश्न आधी हाताळायला हवा. मेल्कोरला साखळदंडांनी जखडून आणण्याइतके व्हालार, म्हणजे टोल्किनच्या जगातले देव, समर्थ होते, तर पुढे मध्य-पृथ्वीवरच्या बेलेरियांडमध्ये एल्फ आणि माणसे शतकानुशतके मरत असताना ते पश्चिमेला बसून का राहिले? नृसिंह आणि महिषासुरमर्दिनीच्या कथांवर वाढलेल्या आपल्या मनाला हा प्रश्न पडणारच. मांडोसच्या शापाकडे बोट दाखवून काही जण तो निकालात काढतात: नोल्डोर एल्फ व्हालारांविरुद्ध बंड करून गेले, त्यांनी ते भोगले. पण सिंदार एल्फांनी कुठे बंड केले होते? माणसे तर त्यानंतर जन्माला आली. टोल्किनच्या जगाचा नकाशा युगायुगांतून कसा बदलत गेला ते पाहिले, की मला खरे कारण तिथे दिसते.

मेल्कोरने जगाला उजळणारे दोन महादीप पाडले तेव्हा जमीन दुभंगली, समुद्र उसळले, व्हालारांचे निवासस्थान आल्मारेन नष्ट झाले. ती खवळलेली पृथ्वी सावरण्यातच व्हालारांची बहुतेक शक्ती गुंतली आणि मेल्कोर निसटला. त्यानंतर ते दीर्घकाळ थांबले. एल्फ आणि माणसे कुठे जन्मणार हे ठाऊक नसताना पृथ्वी पुन्हा फाडायची त्यांना भीती होती, असे ‘सिल्मारिलियन’ (1977) स्पष्टच सांगते. एल्फ जागे झाल्याची बातमी ओरोमेने आणली तेव्हाच उटुम्नोवर स्वारी झाली, तीही एल्फ जागे झाले त्या कुइविएनेनभोवती पहारा बसवून. तरीसुद्धा महासागर रुंदावला, किनारा तुटला, बालारचा उपसागर तयार झाला. तिसऱ्या खेपेला, क्रोधयुद्धात, सैन्याचे नेतृत्व मान्वेने स्वतः न करता आपला दूत एओन्वे याच्याकडे दिले. मॉरगॉथ (मेल्कोरचेच नंतरचे नाव) हरला, पण ज्या बेलेरियांडसाठी एवढे रक्त सांडले ते बहुतेक सगळे पाण्याखाली गेले.

एवढी सावधगिरी म्हणजे निष्ठुरपणाच, असे कोणी म्हणेल. उटुम्नोच्या तळघरांचा पुरता शोध न घेतल्याने मेल्कोरचा सेवक सॉरॉन सुटला, ही व्हालारांची गंभीर चूक मी मान्य करतो. पण टोल्किनच्या उत्तरकाळातल्या टिपणांत (‘मॉरगॉथ्स रिंग’, 1993) एक विचार येतो, तो मला निर्णायक वाटतो. मॉरगॉथने आपले सामर्थ्य आर्डाच्या, म्हणजे पृथ्वीच्या, मातीत आणि धातूंत मुरवून टाकले होते. त्याला बळाने समूळ संपवायचे तर आर्डालाच चिरडावे लागले असते. म्हणजे व्हालार थांबत होते ते शत्रूच्या धाकाने नव्हे. आपण जिंकलो तर काय उरेल, याची त्यांना धास्ती होती.

पुढचा इतिहास याला दुजोरा देतो. दुसऱ्या युगात, 3319 साली, माणसांचा राजा आर-फाराझोन व्हालारांच्या आमान भूमीवर चालून आला तेव्हा व्हालारांनी शस्त्र उचललेच नाही. आपला अधिकार खाली ठेवून निर्माता इलुवातारला हाक मारली. तिसऱ्या युगात, साधारण 1000 सालाच्या सुमारास, त्यांनी धाडले ते म्हाताऱ्यांच्या रूपातले इस्तारी, म्हणजे जादूगार. सॉरॉनशी बळाला बळ भिडवण्याची त्यांच्यातल्या गँडाल्फला मनाई होती. अखेर सॉरॉन पडला, बराद-दूर कोसळला, पण मध्य-पृथ्वीचा किनारा जिथल्या तिथे राहिला.

पुढच्या लेखांकात मात्र अंगोलिआंटच. तिच्याशी व्हालारांचे युद्ध कधी झालेच नाही. मेल्कोरलाही तिच्या तावडीतून सोडवले ते बाल्रॉगांनी.