माळ्यावरचा जमखाना आणि इराणी गालिचा

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या अनेक जुन्या घरांत माळ्यावर गुंडाळून ठेवलेला एखादा जमखाना सापडतो. लग्नाची बोलणी, भजन, हळदीकुंकू, सगळं त्याच्यावर झालेलं असतं. घर पाडून नवं बांधताना मात्र तो ‘जुनी सतरंजी’ म्हणून देऊन टाकला जातो. देण्याआधी एकदा तो उजेडात उलगडून पाहावा, म्हणून हा लेख. जगभर नावाजलेल्या इराणी गालिच्याशी त्याची तुलना केली, की आपल्याकडे काय आहे ते नीट कळतं.

कोणत्याही विणीत उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. इराणी गालिच्यात याशिवाय तिसरी गोष्ट असते, ती म्हणजे गाठ. ताण्याच्या दोन-दोन धाग्यांना रंगीत लोकरीची एकेक गाठ मारायची, टोक कापायचं, ओळ पुरी झाली की बाणा घालून पंजाने ठोकायचं. कापलेल्या टोकांचीच मऊ लव तयार होते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातल्या प्रसिद्ध अर्दबील गालिच्यावर हिजरी ९४६, म्हणजे इ.स. १५३९-४० हे साल विणलेलं आहे. साडेदहा मीटर लांबीच्या या गालिच्यात चौरस इंचाला सुमारे ३४० गाठी आहेत. सगळ्या मिळून अडीच कोटींच्या वर.

जमखान्यात गाठ नसते. हुबळीहून तासाभराच्या वाटेवरचं धारवाड जिल्ह्यातलं नवलगुंद हे त्याचं नावाजलेलं गाव. तिथे मुस्लिम घरांतल्या बायका उभ्या मागावर सुती जमखाने विणतात. रुंद जमखान्यासाठी दोघी-तिघी शेजारी-शेजारी बसतात. बाणा इतका घट्ट ठोकतात की ताणा दिसतच नाही. एक रंग जिथे संपतो तिथून तो धागा मागे वळतो आणि शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकतो. नक्षी अशी बाण्यातूनच उमटते, म्हणून जमखाना दोन्ही बाजूंनी वापरता येतो. मधोमध सारीपाट आणि मोर ही नवलगुंदची ओळख. नमाजासाठीच्या जानमाजवर प्राणी-पक्षी नसतात, कमान असते. आदिलशाहीच्या काळात विजापूरचे विणकर इकडे आले, असं परंपरेने सांगतात. विजापूरच्या आसार महालातले जुने गालिचे आजही गोल घुमटाच्या आवारातल्या संग्रहालयात पाहता येतात.

जुन्या हातविणीची ओढ वाटते ती तिच्यातल्या माणसामुळे. इराणी गालिच्यात एकाच निळ्या पट्ट्यात मध्येच फिकी छटा दिसते, कारण पहिल्या घाण्यात रंगवलेली लोकर संपली आणि दुसरी लावली. याला ‘अब्रश’ म्हणतात आणि जाणकार तो दोष मानत नाहीत. जमखान्यातही एखादा मोर दुसऱ्यापेक्षा जाड असतो. यंत्राला असं जमत नाही.

घरातला नग पाहताना आधी तो उलटा करा. लव असलेल्या गालिच्यात मागे गाठी एकेक मोजता आल्या आणि नक्षी स्पष्ट दिसली, तर तो हातचा असण्याची शक्यता मोठी. मग टोकाच्या दशा पाहा. हातविणीत त्या ताण्याचेच धागे असतात. वेगळी झालर शिवून जोडली असेल, तर एक तर काम यंत्राचं किंवा मागाहून केलेली दुरुस्ती.

जमखाना घडी घालून ठेवू नका, घडीवर धागे तुटतात. गुंडाळून, वर जुनं धोतर किंवा सुती लुगडं बांधून कोरड्या जागी ठेवा. वर्षातून एक-दोनदा सावलीत वारा द्या. धुण्याआधी कोपऱ्यावर ओलं पांढरं फडकं दाबून रंग जातो का ते पाहा. कसर लोकरीला लागते, सुताला नाही. पण ओल आणि उंदीर दोघांचेही वैरी.

नवलगुंदच्या जमखान्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण विणणाऱ्या बायका आता मोजक्याच उरल्या आहेत. त्यामुळे आपल्या माळ्यावरचा जमखाना फाटला तर तसाच दुसरा मिळेल, याची खात्री नाही. घरात आजी-आजोबा असतील तर तो कुठून, कुणी, कोणत्या कार्यासाठी आणला ते आजच विचारा. ते कापडाच्या तुकड्यावर लिहून जमखान्याच्या मागे चार टाके घाला. पुढच्या पिढीला ‘जुनी सतरंजी’ नव्हे, आपल्या घरचा जमखाना मिळेल.