मांजराला शुगर झाली तर घरी तपासायला कोणतं मशीन घ्यावं?

मांजरालाही शुगर होते. घरात बसून जाड झालेलं, सात-आठ वर्षं ओलांडलेलं मांजर, त्यातही ऑपरेशन केलेला बोका, यांच्यात हा आजार जास्त दिसतो. लक्षणं माणसासारखीच असतात. पाणी खूप पितं, लघवी खूप करतं, खाणं भरपूर तरी अंग उतरतं. काही मांजरं मागचे पाय टाचेपर्यंत जमिनीला टेकवून चालायला लागतात. डॉक्टर रक्त तपासतात, इन्सुलिन लिहून देतात आणि सांगतात, "घरी शुगर बघत जा." खरा प्रश्न इथून सुरू होतो. बघायची कशावर?

आपल्या धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच अवघड आहे. उस्मानाबादी शेळीचा हा मुलूख. इथले जनावरांचे डॉक्टर शेळ्या, गाई, म्हशी यांच्यात तरबेज. मांजराच्या शुगरची केस त्यांच्याकडे क्वचितच येते. मोठी तपासणी करायची तर लोक सोलापूर, लातूर किंवा पुणे गाठतात. लातूर जिल्ह्यातच उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण इन्सुलिन तर रोज दोनदा द्यायचं असतं. रोज दोनदा उदगीरला कोण जाणार? म्हणून घरचं मशीन लागतंच.

घरी तपासण्याचं आणखी एक कारण आहे. पिंजऱ्यात घालून, एसटीने किंवा गाडीवर नेलेलं मांजर घाबरलेलं असतं, आणि घाबरलेल्या मांजराची साखर नुसत्या भीतीने ३०० च्या वर जाऊ शकते. निरोगी मांजराची साखर साधारण ७० ते १५० असते. म्हणजे दवाखान्यातला एकटा आकडा फसवा असू शकतो. आपल्या ओट्यावर, आपल्या मांडीवर घेतलेला आकडा जास्त खरा.

माणसाचं मशीन मांजराला चालतं का?

बहुतेक घरांत आई-वडिलांसाठी घेतलेलं ग्लुकोमीटर असतंच. तेच वापरलं तर? चालतं, पण एक गोष्ट समजून घेऊनच.

रक्तातली साखर दोन ठिकाणी असते, पातळ भागात म्हणजे प्लाझ्मात आणि तांबड्या पेशींत. माणसाच्या रक्तात साधारण ५८ टक्के साखर प्लाझ्मात आणि ४२ टक्के पेशींत असते. मांजराच्या रक्तात सुमारे ९३ टक्के प्लाझ्मात आणि जेमतेम ७ टक्के पेशींत. माणसाचं मशीन माणसाच्या हिशेबाने बनवलेलं असल्यामुळे मांजराच्या रक्तावर ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. साखर जास्त असेल तेव्हा हा फरक आणखी वाढतो. म्हणून "नेहमी इतके मिळवा" असा सोपा हिशेब इथे चालत नाही.

रक्त कमी असलेल्या मांजरात गडबड उलटी होते. पिसवांनी रक्त शोषलेलं असेल, आजाराने पांढरं पडलेलं असेल, तर मशीन खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतं. अंगातलं पाणी कमी झालेलं असेल तर कमी. हिरड्या पांढऱ्या दिसत असतील तर आधी ते डॉक्टरांना सांगा.

जनावरांसाठी वेगळं मशीन मिळतं का?

मिळतं. अल्फाट्रॅक हे त्यातलं सगळ्यात परिचित नाव. कुत्र्या-मांजरांच्या रक्ताच्या हिशेबाने ते बनवलेलं आहे आणि त्याला ०.३ मायक्रोलिटर, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढंही रक्त लागत नाही. कुत्र्याचा आणि मांजराचा कोड वेगळा असतो. कुत्र्याच्या कोडवर मांजर तपासलं तर आकडा चुकतो.

अडचण स्ट्रिपची आहे. मशीन एकदाच घ्यायचं असतं, स्ट्रिपा आयुष्यभर. जनावरांच्या मशीनच्या स्ट्रिपा माणसांच्या स्ट्रिपांपेक्षा बऱ्याच महाग पडतात आणि कळंब, परंडा किंवा उमरग्याच्या मेडिकलवर सहज मिळत नाहीत. मागवल्या आणि वेळेवर आल्या नाहीत तर? ऐन वेळी स्ट्रिप संपलेलं महाग मशीन कपाटातच पडून राहतं.

तिसरा मार्ग म्हणजे अंगाला चिकटवायचा सेन्सर, जसं फ्रीस्टाइल लिब्रे. केस काढून तो लावतात आणि तो दिवसरात्र साखर दाखवत राहतो. माणसाला तो १४ दिवस चालतो. मांजर तो बऱ्याचदा त्याआधीच ओरबाडून काढतं. एका सेन्सरला काही हजार रुपये लागतात. डोस ठरवताना एकदा लावायला उत्तम, कायमसाठी बहुतेकांना परवडणारा नाही. त्याचा आकडा फार खाली किंवा शंकास्पद वाटला तर कानातल्या रक्तावर खात्री करून घ्यावी.

मग निवड कशी करायची?

मेडिकलवर उभे राहून हे प्रश्न विचारा.

पहिला, या मशीनच्या स्ट्रिपा आपल्या गावात बारा महिने मिळतात का? सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. निदान दोन दुकानांत मिळत असतील तेच मशीन घ्या.

दुसरा, रक्त किती लागतं? मांजराच्या कानातून मोठा थेंब निघत नाही. ॲक्यु-चेक ॲक्टिव्हला १ ते २ मायक्रोलिटर लागतं, ॲक्यु-चेक इन्स्टंट आणि कॉन्टूर प्लसला ०.६, डॉ. मोरपेनच्या बीजी-०३ ला ०.५. मांजरासाठी ०.६ किंवा त्याहून कमी असलेलं बरं.

तिसरा, थेंब कमी पडला तर त्याच स्ट्रिपवर पुन्हा रक्त लावता येतं का? कॉन्टूर प्लसमध्ये ती सोय आहे. नवशिक्या हाताला याचा फार उपयोग होतो, नाहीतर पहिल्या आठवड्यात अर्धी डबी वाया जाते.

चौथा, महिन्याचा खर्च किती? दिवसातून दोनदा म्हणजे महिन्याला ६० स्ट्रिपा. माणसांच्या मशीनची एक स्ट्रिप साधारण १० ते २५ रुपयांना पडते, म्हणजे ६०० ते १५०० रुपये. हे झेपणार असेल तरच ते मशीन घ्या. स्वस्त मशीनवर रोज तपासणं हे महाग मशीनवर आठवड्यातून एकदा तपासण्यापेक्षा चांगलं.

पाचवा, आकडा एमजी/डीएलमध्ये येतो ना? आखातात नोकरीला असलेले नातेवाईक कधी तिकडून मशीन पाठवतात. त्यात एमएमओएल हे माप असू शकतं. तिथला १० म्हणजे आपल्याकडचा १८०. हे लक्षात न घेता "शुगर १० वर आली" म्हणून घरात रडारड नको.

एकदा लॅबशी जुळवून घ्या

माणसाचं मशीन घेतलंत तर एक काम नक्की करा. डॉक्टर मांजराचं रक्त काढतील तेव्हा आपलं मशीन सोबत न्या. त्याच रक्ताचा एक थेंब आपल्या स्ट्रिपवर लावा आणि बाकीचं करड्या झाकणाच्या फ्लोराइड ट्यूबमधून लॅबला पाठवा. साध्या ट्यूबमध्ये ठेवलं तर रक्तपेशीच साखर खात राहतात आणि आकडा तासातासाला उतरतो. समजा, आपल्या मशीनवर २१० आले आणि लॅबने २६० सांगितले, तर डॉक्टरांना अंदाज येतो की हे मशीन किती खाली दाखवतं. दोन-तीन वेळा असं जुळवलं की पुढचे आकडे त्यांना वाचता येतात.

आणि मग तेच मशीन धरून राहा. मशीन बदलणं हीच खरी धोक्याची जागा आहे. समजा, महिनाभर माणसाच्या मशीनवर १८० च्या आसपास येत होते. भावाने पुण्याहून जनावरांचं मशीन आणलं, त्यावर २३० आले. घरच्यांना वाटतं शुगर वाढली, आणि कोणी स्वतःच्या मनाने एक युनिट वाढवतं. शुगर वाढलेलीच नव्हती, फक्त माप बदललं होतं. चार-पाच किलोच्या जिवाला तेवढं जास्तीचं इन्सुलिन महागात पडू शकतं. म्हणून वहीत आकड्यासोबत मशीनचं नावही लिहा, आणि मशीन बदललं तर डॉक्टरांना आधी सांगा.

सिरिंजकडेही बघा

मशीन बरोबर आणि सिरिंज चुकीची, असं झालं तर सगळं व्यर्थ. आपल्याकडे मेडिकलवर दोन ताकदींचं इन्सुलिन मिळतं, एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, केशरी टोपीची १०० साठी. मांजरांना बऱ्याचदा लिहून दिलं जाणारं ग्लार्जिन १०० चं असतं. ते लाल टोपीच्या सिरिंजने भरलं तर डोस थेट अडीचपट जातो. बाटली आणि सिरिंज, दोन्हींवरचा आकडा प्रत्येक वेळी वाचा.

काही वाचक विचारतात म्हणून सांगतो, ग्लार्जिन सूक्ष्मजीवांच्या मदतीने बनवतात, त्यात डुकराचा अंश नसतो. जनावरांसाठीचं कॅनिन्सुलिन मात्र डुकराच्या इन्सुलिनपासून बनतं आणि ते ४० च्या ताकदीचं असतं. डॉक्टरांना आधीच विचारून घेतलं की मनात खटका राहत नाही.

रक्त कसं घ्यायचं?

कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते, तिच्या शेजारी टोचायचं. आधी कोमट पाण्यात पिळलेलं फडकं मिनिटभर कानाला धरा, म्हणजे रक्त उतरतं. कानाच्या मागे कापसाचा बोळा धरा, नाहीतर सुई आपल्याच बोटात जाते. व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवला तर थेंब केसांत पसरत नाही. स्पिरिट लावू नका. ते ओलं राहिलं तर आकडा बिघडतो. टोचून झालं की मिनिटभर दाबून धरा आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा द्या. दहा-बारा दिवसांत मांजर स्वतःच मांडीवर येऊन बसतं. रक्त कपड्याला लागलं तर नमाजआधी धुऊन टाका, एवढंच.

स्ट्रिपची डबी घट्ट बंद ठेवा. बहुतेक डब्यांवर ३० अंशांपर्यंतची मर्यादा छापलेली असते आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो. डबी पत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत नको. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत ठेवा. फ्रिजमध्येही नको, तिथल्या ओलीने स्ट्रिप खराब होते. इन्सुलिन फ्रिजमध्ये, स्ट्रिप बाहेर, एवढं लक्षात ठेवा.

वेळ घड्याळाने ठरवा, सकाळी ७ आणि संध्याकाळी ७ अशी. रमजानमध्ये सेहरी आणि इफ्तारला जोडून द्यायचा मोह होतो, पण त्या दोन्हींत १२ तासांहून जास्त अंतर पडतं आणि ती वेळ रोज सरकते. मांजराचं घड्याळ वेगळंच ठेवा.

आकडा बघून काय करायचं?

इन्सुलिन नुकतंच सुरू झालं असेल आणि डोसाआधी आकडा १५० च्या खाली आला, तर डॉक्टरांना फोन केल्याशिवाय सुई देऊ नका. आकडा ६० च्या खाली गेला, किंवा मांजर लडखडतंय, अंगाला झटके येतायत, तर इन्सुलिन थांबवा. शुद्धीत असेल तर खायला द्या. खात नसेल तर हिरड्यांना मध किंवा साखरेचं पाणी चोळा आणि दवाखाना गाठा. आकडा बरा असला तरी लक्षणं दिसत असतील तर लक्षणांवर विश्वास ठेवा. उलट, साखर सतत वर आहे, मांजर खात नाही आणि उलट्या करतंय, तर तीही तातडीची वेळ आहे. रोजच्या चढउतारावरून डोस कमी-जास्त करणं हे डॉक्टरांचं काम. आपलं काम वही नीट ठेवणं.

लघवीच्या पट्टीवर भागेल का, असंही विचारलं जातं. भागत नाही. मांजराच्या रक्तात साखर साधारण २५० च्या पुढे गेली की मगच ती लघवीत उतरते. साखर धोकादायक खाली गेलेली त्या पट्टीला कधीच कळत नाही.

सुई टोचणं हा जुलूम तर नाही?

हा प्रश्न घरातल्या मोठ्यांकडून येतो आणि तो रास्त आहे. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिम, दोन्हींत त्या बाईची हदीस आहे जिने मांजर कोंडून ठेवलं, खायलाही दिलं नाही आणि सोडलंही नाही, आणि त्यासाठी तिला शिक्षा झाली. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी वुजूच्या पाण्यातून मांजराला पिऊ दिलं, भांडं तिच्यासाठी तिरकं केलं, तीही रिवायत आपल्याला माहीत आहे. जे जनावर आपण घरात ठेवलं त्याची जबाबदारी आपली, हा त्याचा सरळ अर्थ. कानाला क्षणभर टोचणं हा त्या जबाबदारीचाच भाग आहे. न तपासता अंदाजाने इन्सुलिन देणं जास्त जोखमीचं.

आणि ही मेहनत नेहमी जन्मभराची असते असंही नाही. वेळेवर उपचार सुरू झाले, दूध-ब्रेड, भात आणि पोळी बंद होऊन मांस-मासे असलेला आहार डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू झाला, वजन हळूहळू उतरलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पुढे सुटतं. ते कधी कमी करायचं हे कळण्याचा मार्ग एकच, एकाच मशीनवर रोज घेतलेले आकडे. तेव्हा आधी गावातल्या मेडिकलवर स्ट्रिपांची चौकशी करा, मग मशीन घ्या.