ऐन वेळचा निर्णय : एका परदेशी खेळाचे गणित



वसंत ऋतूतल्या या व्याख्यानमालेत अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेमवर बोलायचे, म्हणजे कित्येकांच्या भुवया उंचावणार हे उघड आहे. हा खेळ आपल्या मैदानांवर क्वचितच दिसतो. २०१२ साली भारतात या खेळाची एक साखळी स्पर्धा निघाली आणि तीत ‘पुणे मराठाज’ नावाचा संघही होता. पण खेडोपाडी तो काही पोचला नाही. आपल्या मुलांना तो भेटतो तो पडद्यावर. तेव्हा पडद्यावर मुले नुसती बटणे बडवतात की त्यात काही विचारही असतो, हे पाहणे अगदीच निरर्थक ठरू नये. त्यातल्या ‘ऑप्शन’ नावाच्या एकाच डावाची आज आपण फोड करू.

आधी खेळाची तोंडओळख. दोन्ही बाजूंना अकरा-अकरा गडी. मैदान शंभर यार्ड लांबीचे. चढाई करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न थांबलेल्या स्थितीतून सुरू होतो, म्हणून प्रत्येकाआधी बेत ठरवायला उसंत मिळते. चेंडू प्रथम ‘क्वार्टरबॅक’ या सूत्रधाराच्या हाती येतो. साध्या डावात चेंडू पुढे कोणी न्यायचा हे आधीच ठरलेले असते. ऑप्शनमध्ये नेमके तेवढेच ठरलेले नसते. ते सूत्रधाराने धावता धावता, समोरच्या एका गड्याकडे पाहून ठरवायचे.

यात फायदा कोणता? साधी वजाबाकी करून पाहा. साध्या डावात एक गडी चेंडू घेऊन धावतो आणि सूत्रधार तो देऊन मोकळा होतो. उरले नऊ. या नऊ जणांनी बचावाच्या अकरा जणांना अडवायचे. हिशेब जुळत नाही. ऑप्शनमध्ये बचावाच्या कडेचा एक गडी मुद्दामच मोकळा सोडतात. त्याला अडवायचे नाही, त्याला पारखायचे. तो चेंडू घेणाऱ्या साथीदारावर आत धावला, तर सूत्रधाराने चेंडू स्वतःकडे ठेवून त्याने सोडलेल्या मोकळ्या जागेतून बाहेर पडायचे. तो सूत्रधारावर डोळा ठेवून बाहेरच उभा राहिला, तर चेंडू साथीदाराला द्यायचा. म्हणजे तो गडी काहीही करो, चुकतो तोच. कोणी हातही न लावता एक माणूस डावातून बाद झाला. आता नऊ जणांना दहाच अडवायचे उरले.

व्हिडिओ गेममध्ये ही पारख अंगठ्यावर येते. चेंडू हाती येताच बटण दाबून धरले तर तो साथीदाराकडे जातो; न धरल्यास सूत्रधाराकडे राहतो. त्या क्षणी चेंडूवर दोघांचेही हात असतात आणि निर्णयाला जेमतेम डोळ्याची पापणी लवण्याइतका वेळ असतो. नवशिका इथेच फसतो, कारण तो चेंडूकडे पाहतो. पाहायचे असते ते त्या मोकळ्या गड्याच्या खांद्यांकडे. खांदे आत वळले की चेंडू ठेवा. आपल्याकडे वळलेले दिसले की देऊन टाका. कोणाला पारखायचे हे डाव सुरू होण्यापूर्वीच हेरून ठेवावे. साऱ्या मैदानावर नजर फिरवणाऱ्याला काहीच दिसत नाही.

याच डावाचा थोरला भाऊ म्हणजे तिहेरी ऑप्शन. त्यात आणखी एक साथीदार सूत्रधाराच्या बाजूने, चार-पाच यार्ड अंतर राखून धावतो. सूत्रधारावर दुसरा गडी चालून आला की चेंडू या साथीदाराकडे बाजूला किंवा मागे फेकायचा. फेक चुकून चेंडू जमिनीवर पडला तर तो ज्याने उचलला त्याचा. जोखीम मोठी आहे. १९४१ साली मिसुरी विद्यापीठाचे प्रशिक्षक डॉन फॉरो यांनी ऑप्शनवर आधारलेली रचना प्रचारात आणली. बास्केटबॉलमध्ये दोघे मिळून एका बचावपटूवर चालून जातात, त्यावरून त्यांना ती सुचली असे सांगतात. १९६८ साली टेक्सास विद्यापीठात एमरी बेलार्ड यांनी तिहेरी ऑप्शनला ‘विशबोन’ या रचनेचे रूप दिले. धिप्पाड गडी न मिळणाऱ्या संघांना हा डाव विशेष मानवला, कारण यात ताकदीची उणीव नजरेने भरून काढता येते.

ही विद्या आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ साली बर्लिनला ज्या कबड्डीचे दर्शन घडवले, तिच्यातला चढाईपटू दुसरे काय करतो? मध्यरेषा ओलांडताना त्याचाही बेत अर्धाच ठरलेला असतो. कोपऱ्यातला गडी घोट्याला झोंबायला पुढे सरसावला, तर त्यालाच पाय लावून परतायचे. तो मागे सरला, तर बोनस रेषेचा गुण साधायचा. तीस सेकंदांत निर्णय, आणि तोही समोरच्याच्या हालचालीवरून.

मात्र समोरचाही काही दूधखुळा नसतो. मुरलेला बचाव त्या मोकळ्या गड्याला मुद्दाम आत धाडतो आणि त्याच्या मागचा गडी गुपचूप बाहेरच्या जागेत येऊन उभा राहतो. सूत्रधार नियमाप्रमाणे चेंडू ठेवतो आणि अलगद सापळ्यात सापडतो. म्हणून मोकळ्या गड्यामागे कोण उभा आहे, हेही आधी न्याहाळावे. आणि एकच डाव लागोपाठ खेळू नये.

आता कोणी विचारील की, कापूस-सोयाबीनच्या या मुलखाला हे कशाला? तर निर्णय लांबवावा की आधीच करून टाकावा, हा प्रश्न आपल्या शेतकऱ्यापुढे दर जूनमध्ये उभा राहतो. धूळपेरणी हा आधी ठरवून मारलेला डाव आहे. पाऊस वेळेवर आला तर पीक पुढे निघते. त्याने ओढ दिली तर दुबार पेरणीचा खर्च उरावर बसतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, असे कृषी खाते सांगते, तेव्हा तेही पारखण्याची एकच खूण आधी नेमून देते. पण थांबण्यालाही किंमत असते. पेरणी फार उशिरा झाली तर उत्पन्न घटते. ऑप्शनचा सूत्रधारही क्षणभर जास्त थांबला की पडतोच.

दोन्हींतला फरक मात्र विसरता कामा नये. पडद्यावर डाव फसला तर बटण दाबून नवा मांडता येतो. मातीत गेलेले बियाणे, आणि तेही कर्जाऊ पैशाचे, परत येत नाही. म्हणून या खेळाने शेती शिकवली असे मी म्हणणार नाही. तो एवढेच शिकवतो : काय पाहायचे ते आधी ठरवावे, ते दिसेपर्यंत हात आवरावा, आणि दिसल्यावर रेंगाळू नये. घरातले मूल हा डाव खेळताना दिसले, तर ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी ‘तू कोणाकडे पाहून ठरवलेस?’ एवढे त्याला विचारून पाहावे. उत्तर देता आले, तर त्याचा तो वेळ अगदीच वाया गेला नाही असे समजावे.